बोट तुटलं

थंडी पडली की माझा डावा खांदा दुखायला लागतो. सोलापुरात दिवसभर ऊन असतंच, पण सूर्य कलला की माळावरून येणारा वारा कानाची पाळी कापतो. चौकात टायर पेटतात, बायका कपाटावरून चादरी काढून गच्चीवर झटकतात आणि मंगळवेढ्याकडून आलेल्या एसटीतून उतरणाऱ्यांच्या पिशव्यांतून ज्वारीची हिरवी कणसं डोकावतात. हुरड्याचे दिवस. लोकांना या दिवसांत गूळ, शेंगाचटणी आणि शेकोटी आठवते. मला वल्ह्याचा दांडा आठवतो. वल्हं पाण्याबाहेर असताना काय काय करू शकतं, हे मी एका हिवाळ्यात शिकलो.

तो हिवाळा मी बोटीवर काढला. कोकणातलं एक बंदर. नाव लिहीत नाही, कारण तिथलं भांडण अजून मिटलेलं नाही आणि दोन्ही बाजूंची माणसं मला तोंडावरून ओळखतात.

आमच्या घरात देवांच्या तसबिरींपेक्षा पत्रकं जास्त. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली, पत्रकं चालू राहिली. डब्याच्या तळाशी पत्रक, फळीवर अंथरायला पत्रक, भाकरी गुंडाळायला पत्रक. मी ‘ग गणपतीचा’ गिरवण्याआधी ‘बंधू-भगिनींनो’ वाचायला शिकलो. आमच्याकडे कुठलंच वाक्य उद्गारचिन्हाशिवाय संपायचं नाही. आई आमटीत मीठ कमी पडलंय हेसुद्धा घोषणा दिल्यासारखं सांगायची. कॉलेजात गेल्यावर मीही लिहायला लागलो. ‘श्रमणाऱ्या हातांनो’ अशी सुरुवात केलेलं एक पत्रक मोठ्या ऐटीत वडिलांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलं, बाजूला ठेवलं आणि माझा हात ओढून तळवा उताणा केला.

“एक घट्टा न्हाय आन् श्रमणाऱ्या हातांना हाका मारतोय. त्यांनी वळून बघितलं तर काय दाखवशील? पेन?”

शब्द झोंबला. त्याच आठवड्यात बिराप्पा भेटला. बिराप्पा माझा शाळेतला दोस्त, मंगळवेढ्याच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा, मेंढपाळाच्या घरातला. आदल्या हिवाळ्यात तो कोकणात बोटीवर खलाशी म्हणून जाऊन आला होता आणि पुन्हा निघाला होता.

“चल की,” तो म्हणाला. “तितं थंडी नसतीय. उघड्या अंगानं झोपायचं. मासं फुकट.”

“आन् काम?”

“काम लई न्हाय. फकस्त दिवस न्हाय आन् रात न्हाय.”

तो खरंच बोलत होता. पौषात मी घामानं निथळत होतो. घरी आई रजईत पाय पोटाशी घेऊन झोपत असेल तेव्हा मी जाळ्यांच्या ढिगावर उघडा पडलेला असायचो आणि पाठीवर दोरांचे वळ उमटायचे. ऊब म्हटलं की लोकांना मऊ काहीतरी वाटतं. समुद्रावरची ऊब चावते. सोलापूरच्या कोरड्या थंडीत तळवे फुटतात, तिथल्या ओल्या उन्हात ते सोलतात, आणि सोललेल्या जागी मीठ बसतं. पहिल्या पंधरवड्यात वडिलांना हवा होता तो घट्टा आला, फुटला, आणि त्याच्याखाली दुसरा आला.

बिराप्पाला पहिल्या दिवसापासून एक शब्द खटकायचा. “बोट म्हंजी हे,” म्हणून तो पहिलं बोट नाचवायचा, “आन् ह्या धुडाला पन बोटच म्हंत्यात. माणसं कंजूष हायती का शब्द?” आमच्याकडे बोट म्हणजे हाताचं. दुसरी बोट पुस्तकातल्या चित्रात. बंदरावर उलटं. तिथं सकाळी उठून पहिला शब्द बोट, झोपताना शेवटचा शब्द बोट, आणि हाताला पाच असतात त्यांचं नाव निघायचं कारणच नाही. ती बोट आणि ते बोट. मराठीनं दोघांमध्ये फक्त एका स्वराचा बांध घातलाय. तो बांध वाऱ्यानं उडू शकतो, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

जाळं वर यायचं तेव्हा बोटीवर कत्तल व्हायची. मी पत्रकांतून रक्ताबद्दल पुष्कळ वाचलं होतं. ते सगळं लाल शाईतलं होतं. इथे जाळ्याची गाठ सुटली की गुडघाभर जीव फळ्यांवर सांडायचे. बांगडे आपटून आपटून स्वतःचे खवले उडवायचे. माकूल काळी शाई ओकायची. सापासारखं काही वळवळलं की कुणीतरी फावड्यानं त्याचे दोन करायचं. न विकली जाणारी पिल्लं, बोटभर, नखभर, टोपल्यांनी परत समुद्रात, मेलेली. घारी आणि समुद्रपक्षी त्यांच्यासाठी एकमेकांची डोकी फोडायचे. आणि या सगळ्यावर तांडेल उभा. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. त्याला सगळे भाय म्हणायचे. भायचा हात शब्दाच्या आधी चालायचा. दोर चुकीचा धरला, लाथ. हळू चाललं, लाथ. आमचा स्वयंपाकी बसप्पा विजापूरकडचा, वयानं भायपेक्षा मोठा. भात करपला म्हणून भायनं गरम पळी त्याच्या दंडावर ठेवली. बसप्पा ओरडला नाही. दंडावर खोबरेल लावत कन्नडमधून काहीतरी पुटपुटला. बिराप्पा हसला. मी अर्थ विचारला.

“म्हंतोय, ह्याच्या मयताचं जेवण बी मीच शिजवीन.”

मालक बोटीवर कधी आला नाही. त्याचा फोन यायचा. किनाऱ्यालगतच्या पाण्यात आमच्यासारख्या मोठ्या बोटींनी जाळं ओढायचं नाही, असा कायदा आहे. ते पाणी लहान होड्यांचं. पण मासा कायदा वाचत नाही आणि मालकही वाचत नव्हता. फोन आला की भाय शिव्या घालायचा, मग नारळीची रेघ दिसेपर्यंत बोट आत घ्यायचा. आमचं जाळं तळ खरवडत जायचं आणि वाटेत लहान होड्यांनी लावलेली जाळी दोऱ्यासारखी तुटायची. ती जाळी माणसांनी उन्हात बसून विणलेली असायची. आमच्या जाळ्यात कधी कधी त्यांचे तुकडे यायचे, रंगीत तरंगत्या बोयांसकट. भाय ते पायानं ढकलून द्यायचा.

मग ते यायचे. सात-आठ होड्या, प्रत्येकीत चार-पाच जण, आणि होडीच्या तळाशी दगड. पहिल्यांदा दगड आला तेव्हा मी भाषण करायला गेलो होतो. “बंधूंनो, आपण सगळे कष्टकरी...” एवढं म्हणेपर्यंत शेजारची काच फुटली. समुद्रात दगड नसतात. ही गोष्ट किती भयंकर आहे, हे जमिनीवरच्या माणसाला कळायचं नाही. मारायला काहीच नसतं, म्हणून आमच्यावर आलेलेच दगड आम्ही गोळा करून परत मारायचो. तेच दगड पुन्हा आमच्याकडे यायचे. एक काळा, चपटा दगड मी चांगला ओळखायला लागलो होतो.

बिराप्पानं जाळ्याच्या सुतळीची गोफण वळली. लहानपणापासून मेंढरांमागे लांडगे हाकलणारा हात तो. त्या उजव्या हातावर त्याचं घर चालायचं. वस्तीवर लोकर कातरायची वेळ आली की आजूबाजूच्या कळपांचे मालक त्यालाच बोलवायचे. कातर त्याच्या हातात मेंढीला टोचायची नाही. तोच हात डोक्याभोवती दोनदा फिरला आणि एका होडीवरचा म्हातारा कपाळ धरून खाली बसला. पांढऱ्या केसांतून रक्त उतरताना आम्हाला दिसलं. बोटीवर आरोळी उठली. भायनं पहिल्यांदाच बिराप्पाची पाठ थोपटली. बिराप्पा मात्र गोफण गुंडाळून खाली बसला.

“म्हातारा हाय रं,” एवढंच म्हणाला.

मी त्या दिवशी मनात एक पत्रक लिहीत होतो आणि ते पुढे सरकेना. आमच्या पत्रकांत दोनच बाजू असायच्या. इकडे राबणारे, तिकडे मालक. इथे राबणाऱ्यानं राबणाऱ्याचं कपाळ फोडलं होतं, आणि मालक शहरात जेवून वामकुक्षी घेत असेल. माझा राग कमी झाला नाही. आजही झालेला नाही. उलट तेव्हा कळलं की मालकाला स्वतः दगड उचलावा लागत नाही, यातच त्याची सगळी सत्ता आहे. पण हे त्या होड्यांना ओरडून सांगण्याइतका माझा आवाज मोठा नव्हता.

त्यानंतर चार-सहा दिवसांतली एक सकाळ. ऊन चढलेलं, पाणी तेलासारखं संथ, समोर नारळी आणि त्यांच्यात एक पांढरं देऊळ. आम्ही पुन्हा आत शिरलो होतो. जाळं मागे पाण्यात, आणि ते ओढणारी लोखंडी तार यंत्राच्या रुळावर गुंडाळली जात होती. तार एका बाजूला चढली. ती हातानं सारायची नसते, लोखंडी कांबीनं सारायची असते. कांब सापडेना आणि भाय ओरडत होता, “हातान् सार, मेल्या, हातान्!” बिराप्पानं हात घातला.

आवाज असा काही झाला नाही. ओली फांदी मोडावी तेवढाच. यंत्र बंद केलं तेव्हा त्याचा पंजा मनगटापर्यंत सोललेला होता. पहिलं बोट आणि मधलं बोट नव्हतीच. एक मला बांगड्यांच्या ढिगात दिसलं. माशांमध्ये ते लहान वाटत होतं.

बसप्पानं लुंगी फाडून हात आवळला. लुंगी भिजली. दुसरी आवळली. तीही भिजली. बिराप्पाचा चेहरा राखेसारखा होत चालला होता.

“हात ऱ्हाईल का रं?” त्यानं मला विचारलं. जगेन का, असं नाही विचारलं. “कातर धरता ईल का?”

मी भायकडे धावलो. समोरचं गाव दिसत होतं, देवळाच्या पायऱ्यासुद्धा दिसत होत्या. म्हटलं, तिथं घ्या.

“थंय? बोट जाळतीत ते माझी.”

“मग आपल्या बंदराला.”

“जाळा पाण्यात असा. ता वर येईसर बोट फिरची नाय.” मग नजर चुकवत म्हणाला, “सांजेपर्यंत पोचतलंव.”

सांजेपर्यंत त्या हातात काय उरलं असतं, हे त्यालाही कळत होतं. मी केबिनमध्ये घुसलो आणि वायरलेस उचलला. भायनं मागून मान धरली. माझं डोकं त्यानं खिडकीच्या चौकटीवर आपटलं. बटण मी सोडलं नाही. तोंडाला आलं ते ओरडलो, सोलापूरच्या भाषेत, जसं घरी ओरडलो असतो तसं:

“बोट तुटलं! आरं बोट तुटलंय! देवळासमोर हाय आमी, कुनीतरी या!”

खरखर. मग लहान होड्यांवरच्या कोळ्यांपैकी एकाचा आवाज: “खंय? खंय तुटली?” दुसरा: “बोट फुटली! देवळाफुडे!” तिसरा, चौथा. भायनं माझी मान सोडली. त्याच्या लक्षात माझ्या आधी आलं होतं. ‘तुटलं’मधला शेवटचा स्वर खरखरीत गेला होता. ते आमचं बोट ऐकत नव्हते. ते त्यांची बोट ऐकत होते.

“काय सांगितलंस रे त्येंका?” तो कुजबुजला. मग बाहेर धावला, “जाळा घेवा! यंत्र चालू करा! पळूचा असा!”

यंत्राला कोणी हात लावला नाही. बसप्पा त्याच्यासमोर मांडी घालून बसला. त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. भायनं लाथा घातल्या. माणसं कलंडली, पुन्हा सरळ होऊन बसली. मी लहानपणापासून संपाच्या गोष्टींवर वाढलो. प्रत्यक्ष पाहिलेला पहिला संप हा. त्याला मागणी नव्हती, घोषणा नव्हती, आणि तो कुणी पुकारला नव्हता.

होड्या आल्या. यावेळी त्यांच्यात दगड नव्हते. दोर होते, हवा भरलेल्या टायरच्या ट्यूब होत्या, पाणी उपसायच्या बादल्या होत्या. ज्यांची जाळी आम्ही फाडली ती माणसं आम्हाला बुडताना वाचवायला जीव तोडून आली होती. सर्वांत पुढच्या होडीवर तोच म्हातारा, कपाळावर टाके. बाबल त्याचं नाव, ते नंतर कळलं. त्यानं आमची धडधाकट बोट पाहिली. तिची न फुटलेली कड पाहिली. मागे पाण्यात गेलेली तार पाहिली.

“फशवल्यानी!”

नंतर काय झालं ते सलग आठवत नाही. माणसं कडेवरून वर चढली. काचा गेल्या. भाय केबिनमधून फरफटत बाहेर आला आणि त्याचं तोंड फळ्यांवर घासलं गेलं. बसप्पाच्या मोठ्या पातेल्यानंच कोणीतरी बसप्पाला हाणलं. मी दोन्ही हात वर करून “ऐका, ऐका” म्हणत मध्ये उभा राहिलो आणि वल्ह्याचा दांडा माझ्या डाव्या खांद्यावर उतरला. मारणारा बाबल होता.

“आमी कष्टकरीच हाव!” मी खाली पडून ओरडलो. दुसरं काही येतच नव्हतं.

“कष्टकरी?” त्यानं मला बखोटीला धरून उभं केलं. “मगे आमची जाळी कोणी फाडल्यान? तुझ्या बापाशीन?”

“बोट तुटलं म्हणलो मी! बोट!” मी उजव्या हाताचं पहिलं बोट त्याच्या डोळ्यांपुढे धरलं. “हे! हे बोट!”

तो माझ्या बोटाकडे बघत राहिला. मी मान वळवून दाखवलं. बर्फाच्या खणाला टेकून बिराप्पा बसला होता, मांडीवर लाल गाठोडं. एका पोरानं ओळखलं. “बाबलकाका, ह्योच तो! गोफणवालो!”

बोटीवर हालचाल थांबली. बाबल चालत गेला. मी उठायचा प्रयत्न केला, खांदा उठेना. बिराप्पानं वर पाहिलं, टाके पाहिले आणि मान खाली घातली. म्हणाला, “व्हय. म्याच.”

बाबलनं खाली बसून लुंगीची गाठ सोडली. आत बघितलं. परत बांधली, बसप्पापेक्षा घट्ट, मनगटाच्या वर कोळ्यांची गाठ मारून. मग मागे वळला आणि त्याच्या तोंडावर काहीतरी विचित्र उमटलं.

“एका बोटासाठी आठ बोटी घेवन इलंव रे आमी!”

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले, धापा टाकत, रक्ताळलेल्या तोंडांनी. बसप्पा हसला. मी हसलो तर खांद्यातून कळ निघाली. फक्त भाय हसला नाही, त्याच्या पाठीवर गुडघा होता.

“अर्दा दर्या तुडवन इलंव,” बाबल म्हणाला. “रिकामी होडी कशाक न्हेवची? उचला ह्येका.”

मला आणि बिराप्पाला त्यांनी होडीत घेतलं. मागे लोखंडावर लोखंड आदळत होतं. ते आमच्या जाळ्याची तार तोडत होते. होडी उड्या मारत किनाऱ्याकडे धावत होती. प्रत्येक उडीला बिराप्पा विव्हळायचा आणि बाबल त्याचं मनगट आणखी आवळायचा.

आता या थंडीत मी वस्तीवर जातो तेव्हा बिराप्पा आगटीतली कणसं डाव्या हातानं बाहेर काढतो आणि उजव्या तळव्यावर रगडतो. अंगठा आहे, शेवटची दोन बोटं आहेत. कातर त्यानं लोहाराकडून वेगळी करून घेतली, मोठ्या कडीची. पहिल्या वर्षी मेंढ्यांना टोचायची. मेंढ्या ओरडायच्या आणि हा त्यांच्याबरोबर रडायचा, असं त्याची आई सांगते. लोक अजून बोलावतात. पहिल्याइतके नाही. परवा त्याचा पुतण्या पाढे म्हणताना बोटं मोजत होता, आठवर आला तर बिराप्पा म्हणाला, “बस, माझ्या हिशोबानं दहा झालं.” सगळे हसले. मी त्यानं दिलेला हुरडा तोंडात टाकला आणि दुसऱ्या मुठीसाठी हात पुढे केला.

हात वाचणार, हे त्या दिवशी दुपारीच कळलं होतं. गावापासून जवळच सरकारी दवाखाना होता. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या, आणखी उशीर झाला असता तर मनगटापासून काढावा लागला असता. मी पायरीवर बसलो. बाबल शेजारी बसला. त्याच्या सदऱ्यावर बिराप्पाचं रक्त वाळून कडक झालं होतं, आणि कपाळावरचा एक टाका मारामारीत उसवला होता. मला वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे. आभार मानावेत. माणुसकीबद्दल, कष्टकऱ्यांच्या एकजुटीबद्दल काही. शब्द तयार होते, लहानपणापासून पाठ होते. पण तोंडातून वेगळंच निघालं.

“काका, मी ‘हात तुटला’ म्हणून ओरडलो असतो तर आला असता?”

तो रागावेल असं वाटलं. तो विचार करायला लागला. खरोखर विचार करत होता. पाण्याकडे बघत, जाळं आज कुठं लावायचं ठरवताना माणूस बघतो तसा.

“त्या बोटीवरलो हात?”

“हां.”

“नाय,” तो म्हणाला.

मग उठला. नळाखाली डोक्याचा टॉवेल धुतला, लाल पाणी जाईपर्यंत पिळला आणि ओलाच डोक्याला बांधून त्यांच्या गावच्या बंदराकडे चालू लागला. तिकडे आमची बोट ओढून आणली होती आणि तिच्यावर घणाचे घाव पडत होते.